थाळी कोणती घ्यायची, ते पोरीच्या हाताला विचारा



शाळांच्या तालुका पातळीवरच्या मैदानी स्पर्धा जवळ आल्या, की काही घरांत एक नवा खर्च डोकं वर काढतो. पोरगी थाळीफेकीत उतरलेली असते. शाळेत थाळी एकच, ती सगळ्यांच्या हातांतून फिरते, कड ठेचलेली असते. मग मागणी येते, की मला माझी थाळी पाहिजे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, साधी देऊ की हाय स्पिन? हाय स्पिन महाग असते. महाग म्हणजे लांब जाणारी, असं आपण धरून चालतो. बियाणं घेताना आपण असं कधी करत नाही. आपली जमीन कोणती, पाणी किती, हे आधी बघतो आणि मग पिशवीला हात लावतो. थाळीचंही तसंच आहे. ती कुणाच्या हातात जाणार, हे आधी बघायचं.

आज आम्ही तेवढंच सांगणार आहोत. ज्यांच्या गटातून एखाद्या मुलीच्या खेळासाठी पैसे द्यायचं चाललंय, त्यांनी जरा नीट ऐका.

आधी थाळी म्हणजे काय ते बघू. मोठ्या मुली आणि बायका स्पर्धेत जी थाळी टाकतात, तिचं वजन १ किलो असतं. रुंदी १८ सेंटिमीटरच्या किंचित वर, म्हणजे लहान भाकरीएवढी. मधे ती जाड असते, जेमतेम ४ सेंटिमीटर, आणि कडेकडे निमुळती होत जाते. भोवतीनं धातूची गोल कड असते, तिला रिम म्हणतात, सायकलच्या चाकाला असते तशी. दोन्ही बाजू लाकडाच्या, प्लॅस्टिकच्या नाहीतर धातूच्या असतात. पुरुषांची थाळी २ किलोची. लहान वयोगटाच्या मुलींना हलकी थाळी असते. कोणत्या गटाला किती वजन, ते क्रीडा शिक्षकांकडून त्या वर्षीच्या परिपत्रकातून कागदावर लिहून आणा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.

आता खरी गोम. १ किलोच्या दोन थाळ्या घेतल्या. तराजूत दोन्ही सारख्या. तरी त्या हातात सारख्या वागत नाहीत. एकीचं ७०० ग्रॅम वजन रिममध्ये आहे आणि उरलेलं मधे. दुसरीचं ८५० ग्रॅम रिममध्ये आहे. पहिलीला ७० टक्के रिमची म्हणतात, दुसरीला ८५ टक्क्यांची. काही थाळ्या ९० टक्क्यांपर्यंत जातात. दुकानात हाय स्पिन म्हणतात त्या ह्याच, रिमला जड असलेल्या.

कुंभाराचं जुनं चाक आठवा. कडेला जड असतं. काठी घालून ते फिरवायला दंडात ताकद लागते, पहिले दोन-तीन फेरे तर अंगावर येतात. पण एकदा फिरायला लागलं, की मडकं होईस्तोवर थांबत नाही. हलकं चाक चटकन फिरतं आणि चटकन थांबतं. कडेला जड थाळीचं नेमकं हेच आहे. तिला गरगर फिरवणं अवघड जातं, पण फिरली की ती हवेत लवकर डगमगत नाही, शेवटपर्यंत सपाट राहते. ज्या बाईच्या हातात ती फिरवायचा वेग आहे, तिच्यासाठी ही थाळी सोनं आहे. ज्या पोरीच्या हातात तो वेग अजून आलेला नाही, तिची थाळी अर्धवट फिरते, हवेत लटपटते आणि तोंड वर करून खाली येते. पोरीला वाटतं, आपल्यात काही दम नाही.

थाळीला फिरणं का लागतं, हेही समजून घ्या. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, फिरणं संपलं की कोलमडतो. थाळी हवेत तशीच टिकते. उजव्या हाताची मुलगी थाळी टाकते तेव्हा ती सगळ्यांत शेवटी तर्जनीवरून सुटते आणि वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत जाते. करंगळीकडून सुटली, की गडबड झालीच.

दुसरी गोष्ट हवेची. थाळी थोडी पंखासारखी आहे, वेगात जाताना हवा तिला खालून उचलून धरते. पण हे उचलणं वेगाच्या हिशोबात चालत नाही, वेगाच्या वर्गाच्या हिशोबात चालतं. वेग निम्मा झाला, की उचल निम्मी होत नाही, चौथाई होते. जागतिक दर्जाच्या बाईच्या हातून थाळी सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगानं सुटते, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. जी मुलगी २० मीटर थाळी टाकते, तिच्या हातून ती साधारण सेकंदाला १३-१४ मीटरनं सुटते. वेग निम्म्याच्या थोडा वर, पण हवेचा आधार चौथाईच्या जरा वर. म्हणून हवेत तरंगण्यासाठी बनवलेल्या महागड्या थाळीचा फायदा त्या मुलीपर्यंत पोचतच नाही. पैसे मात्र पूर्ण जातात.

गोफण चालवलेल्या बायका आपल्यात आहेत. माळ्यावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकताना दगड कसा निवडायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. दहा वर्षांची पोर मोठा दगड घालत नाही. घातला तर गोफण नीट फिरत नाही आणि दगड धुऱ्याच्या अलीकडेच पडतो. तोच दगड तिच्या बापाच्या हातून शेताच्या पल्याड जातो. मग काय दगड वाईट असतो?

इथे आमचं एक मत ठासून सांगतो. नवीन मुलीला, जिला फिरून थाळी टाकणं अजून अंगवळणी पडलेलं नाही, तिला ७० टक्क्यांच्या आसपास रिमची थाळी द्या. त्याहून कमी मिळाली तरी चालेल. ही सहसा स्वस्तही असते. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या. सरावापुरती रबराची थाळीही बरी; ती भिंतीला, दगडाला लागून खराब होत नाही आणि पावसाळ्यात ओल्या मैदानावर चालते. फक्त स्पर्धेच्या थाळीशी हात जुळलेला असावा, म्हणून आठवड्यातून एखाद-दोन दिवस खरी थाळी हातात असू द्या.

थाळीवर आकडा लिहिलेला नसेल, तर एक करून बघा. थाळी दोन्ही हातांनी कडेला धरा आणि मोटारीचं स्टिअरिंग फिरवतात तशी झटक्यानं डावीकडे-उजवीकडे फिरवा. मग दुसरी थाळी तशीच फिरवा. वजन सारखं असूनही जी फिरायला जास्त आडमुठेपणा करते, तिच्या रिममध्ये वजन जास्त. एक थाळी साधी आणि दुसरी पार वरच्या टक्क्यांची असली, तर लक्ष दिल्यावर फरक हाताला कळतो.

थाळी बदलायची वेळ कधी आली, हेही पोरीचा हातच सांगतो. दोन प्रकारच्या थाळ्या मिळवा. एक आपली, एक शेजारच्या शाळेतून उसनी. एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात, प्रत्येकीचे पाच-सहा फेक घ्या. सगळ्यांत लांब गेलेला एकच फेक धरून बसू नका, तो नशिबाचा असू शकतो. प्रत्येक फेक मोजा आणि हवेत थाळी कशी जाते तेही बघा. जड रिमची थाळी लटपटत असेल, तर अजून वेळ आहे. तीच थाळी सपाट जाते आणि बहुतेक फेकांत पुढे पडते, तर हात तयार झाला. मग ७५ नाहीतर ८० टक्क्यांकडे जा. एकदम ९० वर उडी नको. एकच वारा हवा असं का म्हटलं? कारण समोरून, किंचित उजवीकडून येणारं वारं उजव्या हाताच्या थाळीला चांगलं उचलतं. सोमवारी वाऱ्यात टाकलेली आणि गुरुवारी वारा पडल्यावर टाकलेली थाळी एका पट्टीनं मोजता येत नाही.

आता हा हाताचा वेग येतो कुठून? मुलींना वाटतं दंडातून येतो. आयांनाही तेच वाटतं, आणि मग पोरीचे दंड पुरुषासारखे होतील म्हणून काळजी सुरू होते. कडब्याची पेंढी गंजीवर भिरकावताना बघा आपण काय करतो. पाय रोवतो, कंबर वळते, मग खांदा येतो आणि हात सगळ्यांत शेवटी. नुसत्या हातानं पेंढी तीन फूट वर जात नाही. थाळी अशीच जाते. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात गिरकी घेतात ती पायांचा नि कमरेचा वेग हातापर्यंत आणण्यासाठी. त्या गिरकीत पाय नीट पडायला लागायला काही महिने जातात, काहींना वर्ष जातं. तोवर उभ्या जागेवरून थाळी टाकणं आणि थाळी जमिनीवर तर्जनीवरून सरळ घरंगळवणं, हा सराव पुष्कळ आहे. घरंगळलेली थाळी न डुलता सरळ गेली, की समजा सुटणं जमलं.

रिमला जड थाळी घाईनं दिली की आणखी एक होतं. ती हातातून निसटेल म्हणून मुलगी बोटं आवळते. थाळी खरं तर बोटांच्या शेवटच्या पेरांवर नुसती टेकलेली असते, फिरण्याच्या जोरानं ती तिथे टिकते. आवळली की हात आखडतो, आखडला की खांदा ओढला जातो. खांदा, कोपर किंवा कमरेत रोज दुखत असेल, तर फेक थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. तेल चोळून दुसऱ्या दिवशी परत मैदानात पाठवू नका.

कृष्णा पुनियांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ६१.५१ मीटर थाळी टाकून सुवर्णपदक घेतलं. राष्ट्रकुल स्पर्धेत मैदानी खेळातलं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. त्या वेळी त्यांचा मुलगा आठ-नऊ वर्षांचा होता आणि प्रशिक्षक होते त्यांचे यजमान. त्याच दिवशी रौप्य हरवंत कौरला आणि कांस्य सीमा अंतिलला, म्हणजे तिन्ही पदकं भारताच्या बायकांची. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण लग्न झालं की खेळ संपला असं अजून म्हटलं जातं. पण कृष्णाताईंच्या हातातली थाळी बघून तसलीच आपल्या आठवीतल्या पोरीला आणू नका.

थाळी घेताना तिचं वजन करा. किराणा दुकानाचा डिजिटल काटा पुरे. स्पर्धेची थाळी ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरली, तर पंच ती बाजूला ठेवतात. जुनी, झिजलेली थाळी सरावाला चालेल, पण स्पर्धेच्या आधी काट्यावर घालाच. रिमवरून बोट फिरवा; खाच किंवा धार लागली तर ती पोरीची बोटं कापणार. लाकडी बाजूची असेल, तर पावसात भिजवून तशीच पोत्यात टाकू नका, पुसून ठेवा.

आणि गावच्या मैदानावर सराव असेल तेव्हा एक बाई नाहीतर मोठा मुलगा राखणीला उभा करा. जाळी नसेल तर बघणारे सगळे फेकणारीच्या बरेच मागे, बाजूला कुणीही नको, कारण नवीन हातातून थाळी कुठेही सुटते. समोर शेळी असली तरी फेक थांबवायचा. टाकलेली थाळी पलीकडून कुणी परत फेकायची नाही, चालत जाऊन हातात घेऊन यायची.