एका दाराला दोन राखणदार

धानाची मळणी आटोपत आली होती, तेव्हा लाखनीजवळच्या गावी काकांकडे चार दिवस राहायला गेलो. काका निवृत्त शिक्षक. धानविक्रीची नोंदणी, पेन्शनसाठी हयातीचा दाखला, सातबारा, पुण्यातल्या नातवंडांचे फोटो असं सगळं घर त्यांच्या पुढच्या खोलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. त्या सकाळी त्यांना सातबाऱ्याची फाइल उघडायची होती. दोनदा क्लिक केलं आणि पडद्यावर निळं कडं फिरायला लागलं. डब्यावरचा दिवा विझेना. आतून हार्ड डिस्कची करकर येत राहिली. चहा पिऊन कपबश्या आत गेल्या, तेव्हा कुठे फाइल उघडली.

टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि वरच्या दोन ओळींत दोन वेगवेगळे अँटीव्हायरस. एक दुकानदाराने टाकून दिलेला, दरवर्षी पैसे भरून चालू ठेवलेला. दुसरा पुतण्याने इंटरनेटवरून फुकट उतरवलेला. मी विचारलं, तेव्हा काका म्हणाले, “एकाच्या नजरेतून सुटला त दुसरा धरेल ना! दोन असले त बरंच हाय.”

काकांचं म्हणणं कोणालाही पटेल असंच आहे. दाराला दोन कड्या लावल्या तर घर अधिक सुरक्षित. पण कडी गप्प बसून असते. अँटीव्हायरस सतत हालचाल करणारा, प्रत्येक फाइलला हात लावणारा राखणदार आहे. असे दोन राखणदार एका दाराशी उभे केले की ते आधी एकमेकांनाच अडवतात.

सवय फ्लॉपीच्या काळातली

‘दोन बरे’ ही समजूत आली कुठून, याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडतं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. तिथे येणाऱ्या कॉम्प्युटरांत मोडलेल्या भागांइतकाच व्हायरसचा त्रास दिसू लागला. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होते. त्यांनी हे व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. १९९३ साली ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ म्हणून सुरू झालेल्या कंपनीने २००७ मध्ये क्विक हील हेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. मराठी घरांत अँटीव्हायरस हा शब्द रुळला तो मोठ्या प्रमाणात दुरुस्तीच्या दुकानांतून, असं म्हणायला हरकत नाही.

त्या डॉसच्या दिवसांत अँटीव्हायरस बहुधा बोलावल्यावर येणारा होता. फ्लॉपी घालायची, प्रोग्राम चालवायचा, तपासणी संपली की तो बंद. मग दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम चालवून पुन्हा तपासलं तरी बिघडत नव्हतं. एका वैद्याला आजार कळला नाही, म्हणून दुसऱ्याला नाडी दाखवावी, तसंच ते. सल्ला चुकीचा नव्हता.

पुढे इंटरनेट आलं, पेनड्राइव्ह आले आणि राखणदाराला चोवीस तास ड्युटीवर बसवावं लागलं. काम बदललं, जुना सल्ला मात्र तसाच राहिला.

फाइल उघडताना आत काय घडतं

काकांनी सातबाऱ्यावर क्लिक केलं, तेव्हा ती मागणी थेट डिस्ककडे गेली नाही. वाटेत विंडोजच्या गाभ्यात एकाखाली एक चाळण्या बसवलेल्या असतात. मायक्रोसॉफ्ट अशा प्रत्येक चाळणीला एक क्रमांक देतं आणि त्याला ‘उंची’ म्हणतं. अँटीव्हायरसांसाठी ३,२०,००० पासून पुढचा एक पट्टा राखून ठेवलेला आहे. वरच्या चाळणीने फाइल थांबवली आणि तपासायला स्वतः उघडली, की ते उघडणंही खालच्या चाळणीतून जातं. ती म्हणते, थांब, मलाही पाहू दे. एक फाइल, दोन तपासण्या. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली उघडतात. नव्या एसएसडीवर हे थोडंफार खपून जातं. काकांच्या कॉम्प्युटरची डिस्क मात्र फिरणारी होती. तिचं वाचणारं टोक एका वेळी एकाच जागी पोचू शकतं आणि दोन प्रोग्राम त्याला दोन दिशांना ओढत होते. करकर त्याचीच होती.

खरा व्हायरस सापडला, की गोंधळ आणखी वाढतो. पहिला प्रोग्राम संशयित फाइल उचलून आपल्या कोठडीत टाकायला जातो. त्याच क्षणी दुसऱ्याने ती तपासायला धरून ठेवलेली असते. मग फाइल हलतही नाही आणि पुसलीही जात नाही. पहिल्याने दाबलेली फाइल तपासणीसाठी तात्पुरती सोडवली, तर दुसरा त्या तुकड्यावरच ओरडतो. बँकेच्या साइटवर तर निराळंच संकट. काही अँटीव्हायरस ब्राउझर आणि बँक यांच्यामधली कुलूपबंद वाट तपासण्यासाठी आपलं प्रमाणपत्र मध्ये बसवतात. दोघांनी तेच केलं की ब्राउझर गोंधळतो आणि साइट असुरक्षित असल्याचा इशारा देतो. असे खोटे इशारे रोज पाहणारा माणूस पुढे खऱ्या इशाऱ्यालाही ‘चालू दे’ म्हणतो. मला सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो.

हे प्रोग्राम यंत्रात किती खोलवर बसतात, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामची एक सदोष फाइल अपडेटमधून गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. विमानतळांवर रांगा लागल्या. तिथे राखणदार एकच होता आणि त्याची एक चूक एवढी महागात पडली. इतका अधिकार एकाच वेळी दोघांच्या हाती देण्याआधी दहादा विचार करावा.

आपल्या भंडारा जिल्ह्यात हे समजवायला दूर जावं लागत नाही. मामा तलावाचं पाणी बांध्यांना सोडायचं तर ते एका माणसाच्या हाती असावं लागतं. एकाने धुरा फोडायचा आणि दुसऱ्याने मागून बुजवायचा, असं झालं तर दोघांची मेहनत खरी असूनही धान वाळतं.

दुसरं मत घ्या, दुसरी ड्युटी नको

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर यंत्रातच येतो. आपण दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस टाकला आणि त्याने विंडोजकडे रीतसर नोंद केली, की डिफेंडर आपली सततची राखण थांबवून बाजूला होतो. विंडोज बनवणारी कंपनीच ‘एका वेळी एक’ हा नियम पाळते. बाहेरचे दोन प्रोग्राम मात्र एकमेकांसाठी असे बाजूला होत नाहीत. ते आपल्यालाच पाहावं लागतं.

शंका आली तर दुसरं मत जरूर घ्यावं, पण जुन्या रीतीने, म्हणजे बोलावून तपासणी करून परत पाठवावं. मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’ याच कामाचा आहे. उतरवल्यापासून दहा दिवसच तो चालतो, पुन्हा हवा तर ताजा उतरवायचा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर २०१७ पासून व्हायरस काढणारी साधनं मोफत मिळतात आणि त्यांत क्विक हीलचंही साधन आहे. एखादीच फाइल संशयास्पद वाटली, तर २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि आता गुगलकडे असलेली ‘व्हायरसटोटल’ ही सेवा ती सत्तरच्या आसपास इंजिनांकडून तपासून देते. तिथे एवढे सगळे एकत्र नांदतात, कारण त्यांतला कोणीच आपल्या दारात उभा नसतो. मात्र तिथे टाकलेली फाइल इतर कंपन्यांनाही मिळू शकते. आधार, सातबारा, बँकेचे कागद तिथे कधीही टाकू नयेत.

ज्यांच्या घरी दोन आहेत, त्यांनी एक ठरवावा. दुसरा सेटिंग्जमधल्या अॅप्सच्या यादीतून काढावा आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा. अवशेष राहिले तर त्याच कंपनीच्या अधिकृत साइटवरचं काढून टाकण्याचं साधन वापरावं. शेवटी विंडोज सिक्युरिटीमध्ये राखणदार म्हणून एकच नाव चालू दिसतं का, ते पाहावं. मुदत संपलेला जुना अँटीव्हायरसही असाच काढावा. राखण थांबली तरी तो यंत्रात जागा अडवून बसलेला असतो.

खरी भोकं कुठे असतात

१२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. जूनमध्ये तेच भोक वापरणारा ‘नॉटपेट्या’ आला आणि न्हावा शेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. अपडेट करायला दोन महिने, तीन महिने हाताशी होते. अपडेट न केलेल्या यंत्रावर चार अँटीव्हायरस बसवले तरी भोक भोकच राहतं. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुमच्या घरी तेच असेल, तर दुसऱ्या अँटीव्हायरसपेक्षा त्याची काळजी आधी करा.

आणि फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्याला कोणताच अँटीव्हायरस अडवत नाही. पैसे गेले तर १९३० हा क्रमांक तत्काळ लावायचा, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं.

त्या दुपारी आम्ही पुतण्याने टाकलेला प्रोग्राम काढला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर काकांनी सातबाऱ्यावर क्लिक केलं आणि फाइल उघडली, तेव्हा चहाचं आधण अजून चुलीवरच होतं. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून एक बाहेरची हार्ड डिस्क आणली. नातवंडांचे फोटो, पासबुकाच्या प्रती, जमिनीचे कागद सगळं तिच्यावर उतरवलं. मग मी तिची वायर काढून ठेवली. वायर जोडलेली राहिली, तर कुलूप घालणारा व्हायरस ती प्रतही कुलूपबंद करतो, हे काकांना सांगितलं. त्यांनी डिस्कवर कागदाची चिठ्ठी डकवली, शिक्षकी अक्षरात तारीख लिहिली आणि लोखंडी कपाटात जमिनीच्या मूळ कागदांशेजारी ती ठेवली. खाली पुढच्या महिन्याचीही तारीख लिहून ठेवली होती.