खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीसाठी प्रोटीन स्किमर : पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे?

दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या दर्शनी भागात माशांची काचेची टाकी ठेवण्याचा रिवाज जुना आहे. गोल्डफिश आणि गप्पीच्या जोडीला आता समुद्री माशांच्या छोट्या टाक्याही दिसतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांतून असे सामान मिळते. समुद्री टाकी मांडायची म्हटले की दुकानदार एक यंत्र हमखास पुढे करतो. त्याचे नाव प्रोटीन स्किमर. कोणी ते टाळतो आणि काही महिन्यांत मासे दगावतात. कोणी भीतीपोटी गरजेच्या दुप्पट-तिप्पट मोठे घेतो आणि तेही नीट चालत नाही. दोन्हीकडे पैशाचे नुकसान, शिवाय मुक्या जिवांचे हाल. म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हा विषय सोपा करून मांडत आहोत.

यंत्र नेमके करते काय?

आम्ही कापडाच्या धंद्यातले. रंगशाळेत किंवा धुलाईच्या हौदात पाणी ढवळले की वर फेस येतो, उर्दूत ज्याला झाग म्हणतात, आणि त्या फेसात मळ गोळा होतो, हे आम्ही पाहत आलो आहोत. स्किमरचे तत्त्व तेच आहे. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि अंगावरचा बुळबुळीतपणा यांतून प्रथिने व तेलकट द्रव्ये पाण्यात विरघळतात. यांच्या कणांचे एक टोक पाण्याला धरून राहते, तर दुसरे पाण्यापासून पळते. पाण्यात हवेचा बारीक बुडबुडा आला की हे कण त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. नळकांड्यात असे लाखो बुडबुडे सोडले की त्यांचा फेस अरुंद गळ्यातून वर चढतो आणि वरच्या पेल्यात सांडतो. पेल्यात जमते ते चहासारखे तपकिरी, घाण वासाचे पाणी. हीच या यंत्राची कमाई.

खाऱ्या पाण्यात मिठामुळे बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात. गोड्या पाण्यात ते लगेच एकत्र येऊन मोठे होतात. म्हणून गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत स्किमरचा उपयोग नाही. कोणी विकू लागला तर सरळ नकार द्यावा.

ही घाण कुजली की आधी अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट तयार होते. यांतील अमोनिया माशांना थोड्या प्रमाणातही घातक आहे. इतर गाळण्या घाण पकडून ठेवतात, पण ती पाण्यातच कुजत राहते. स्किमर मात्र कुजण्याआधीच तिला पाण्याबाहेर काढतो. शिवाय पाण्यात भरपूर हवा खेळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याची किंमत मोठी, कारण पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी.

तरी याला जादू समजू नये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९-१० च्या सुमारास निरनिराळ्या बनावटीच्या स्किमरची मोजणी केली. पाण्यातील सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच स्किमरने निघतो, असे दिसले. म्हणजे ‘हे यंत्र लावा आणि पाणी बदलणे विसरा’ ही बोलाची कढी आहे.

आधी टाकीचा हिशोब

कापड घेण्यापूर्वी माप, तसे स्किमर घेण्यापूर्वी पाण्याचे लिटर. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणावी. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी साडेचार घनफुटांची, म्हणजे सुमारे १२७ लिटरची होते. वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा केल्यास खरे पाणी १०० लिटरच्या आसपास उरते. पुढचा हिशोब याच आकड्यावर करावा.

पाणी ५०-६० लिटर असेल आणि एक-दोन लहान मासे असतील, तर स्किमरशिवायही चालते. मात्र दर आठवड्यास १० ते १५ टक्के पाणी न चुकता बदलावे लागते. १०० लिटरच्या टाकीत हे १० ते १५ लिटर होतात. समुद्री टाकीसाठी मिळणारे खास मीठ लिटरमागे साधारण ३५ ते ४० ग्रॅम लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. ज्याला हे जमणार आहे, त्याने स्किमरचे पैसे वाचवावेत. ज्याची टाकी मोठी, मासे अधिक किंवा खाणे जास्त, त्याने स्किमर जरूर घ्यावा.

खोक्यावरचे लिटर

कापड ताणून मोजणारा दुकानदार आपल्याला माहीत आहे. स्किमरच्या खोक्यावरचे लिटरही असेच ताणलेले असतात. ‘३०० लिटरपर्यंत’ असे लिहिलेले असते ते बहुधा दोन-चार मासे असलेल्या टाकीपुरते. काही कंपन्या कमी, मध्यम आणि जास्त माशांसाठी वेगवेगळे आकडे देतात. तेथे मधला आकडा धरावा. एकच आकडा दिला असेल तर आपल्या पाण्याच्या दीडपट ते दुप्पट लिहिलेले यंत्र निवडावे. म्हणजे १०० लिटरसाठी १५० ते २०० लिटरचे.

त्याहून मोठे घेण्यात फायदा नाही. मोठ्या यंत्राचा गळा रुंद असतो. तो भरून वर चढेल इतका फेस थोड्या घाणीतून तयारच होत नाही. फेस मध्येच फुटतो, पेला कोरडा राहतो आणि यंत्र वीज मात्र खात राहते.

जागेप्रमाणे प्रकार

टाकीखाली कपाटात दुसरी टाकी असेल, जिला संप म्हणतात, तर त्यात बसणारा स्किमर उत्तम. आवाज आणि शिंतोडे खालीच राहतात. मात्र कंपनीने सांगितलेली पाण्याची खोली कायम राखावी लागते. बाष्पीभवनाने पातळी उतरली की फेसही उतरतो. अशा वेळी गोडे शुद्ध पाणी घालावे, खारे नव्हे, कारण पाणी उडते, मीठ मागे राहते.

छोट्या टाकीला बहुधा संप नसतो. तेव्हा मागच्या काचेवर टांगायचा स्किमर घ्यावा लागतो. त्यासाठी टाकी व भिंत यांतील अंतर आणि वरच्या झाकणाची खाच आधी मोजावी. टाकी पाण्याने भरल्यावर ती भिंतीपासून सरकवता येत नाही. तिसरा प्रकार टाकीच्या आत बसणारा. तो स्वस्त असतो, पण जागा अडवतो आणि दिसायला बरा नसतो.

आतल्या बनावटीतही फरक असतो. जुन्या पद्धतीत हवेचा पंप आणि लाकडी हवादगड असे. तो दगड दर काही आठवड्यांनी बदलावा लागतो. आजच्या बहुतेक यंत्रांत पंपाच्या पंख्याला बारीक काटे असतात आणि ते हवा कापून बुडबुडे करतात. बदलीचा खर्च कमी, म्हणून हीच किफायतशीर.

वीज आणि परदेशचा माल

स्किमर २४ तास चालतो. १० वॉटचा पंप महिन्याला सुमारे ७ युनिट खातो, तर २० वॉटचा १४ युनिट. दोन यंत्रांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर वर्षाची वीज धरून तुलना करावी.

अनेकांचे नातेवाईक आखातात आहेत आणि असे सामान तिकडून येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. दुबई, ओमान, कुवेत, कतर येथेही ५० हर्ट्झ आहे. सौदी अरबस्तानात मात्र ६० हर्ट्झ. तेथील साधा एसी पंप आपल्याकडे लावल्यास सुमारे पाच षष्ठांश वेगाने फिरतो, हवा कमी ओढतो आणि तापू शकतो. अमेरिकेतील माल तर ११०-१२० व्होल्टचाही असतो. पट्टीवर लिहिलेले व्होल्ट व हर्ट्झ वाचूनच मागवावे. अ‍ॅडाप्टरवर चालणाऱ्या डीसी पंपाला हर्ट्झची अडचण येत नाही, फक्त अ‍ॅडाप्टर २३० व्होल्टला चालणारा हवा.

दुकानात काय विचारावे?

नळाच्या पाण्यात चालवून दाखवलेल्या यंत्रावर विश्वास ठेवू नये. चालू समुद्री टाकीवर पाहावे. पाणी दुधासारखे पांढरे दिसले पाहिजे आणि आवाज किती होतो हे कान देऊन ऐकावे. पंखा व रबरी रिंग सुटी मिळते का, हे विचारावे. पंखा बिघडला आणि सुटा मिळाला नाही, तर सगळे यंत्र भंगारात जाते. पावती आणि हमी लेखी घ्यावी.

लावल्यानंतर

नव्या यंत्राला पहिले एक-दोन आठवडे नीट फेस येत नाही. प्लास्टिकवरचा तेलकटपणा जावा लागतो. पाण्यात मिसळलेल्या सौम्य व्हिनेगरमध्ये काही वेळ चालवून धुतल्यास लवकर सुरळीत होते. साबण कधीही लावू नये. दर तीन-चार दिवसांनी पेला आणि गळा पुसावा. गळ्याला चिकटलेला चरबीचा थरच फेस मोडतो. हवेच्या नळीत मीठ साचते, तेथून अधूनमधून कोमट पाणी सोडावे. पाण्यात औषध किंवा रसायन घातल्यावर फेस अचानक उसळून जमिनीवर येऊ शकतो, म्हणून त्या दिवशी यंत्रावर नजर ठेवावी.

कायदा ध्यानात घ्यावा

परदेशी पुस्तकांत व चित्रांत स्किमरबरोबर रंगीत प्रवाळांच्या टाक्या दाखवतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ व समुद्रघोडे घेतले गेले. त्यांची विक्री हा गुन्हा आहे. दुकानदार ‘चालते हो’ म्हणाला तरी हात लावू नये. व्यापाऱ्याने तर मुळीच नाही, कारण माल आणि अब्रू दोन्ही जातात. क्लाउनफिशचे प्रजनन मात्र आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केले आहे. टाकीत वाढवलेले असे मासे घ्यावेत. ते खाण्याला सरावलेले असतात आणि टिकतात.

एकंदर खर्च करताना क्रम असा ठेवावा : आधी टाकी व मासे किती हे ठरवावे, मग पाण्याचे लिटर मोजावे, मग जागा पाहावी आणि शेवटी यंत्र घ्यावे. बहुतेक लोक यंत्रापासून सुरुवात करतात आणि तेथेच हिशोब चुकतो.