सुपाचा बांबू दिव्याला!

आपल्या भागात आठवडी बाजारात बुरुडाच्या दुकानावर काय असतं? सूप, टोपली, दुरडी, लग्नसराईत थोडी रोवळी-परडी. प्लास्टिकचं टोपलं आलं आणि गिऱ्हाईक तिकडं वळलं. हातातली कला काही कमी झाली नाही, मागणी आटली. त्याच बांबूचे शोभेचे दिवे करून विकणारी मंडळी कोकणात आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळला २००४ साली कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर, म्हणजे 'कॉनबॅक', ही संस्था उभी राहिली. संजीव करपे हे तिच्यातलं प्रमुख नाव. तिकडं बांधावर आणि परसात माणगा जातीचा बांबू असतो. भरीव, सरळ, बिनकाट्याचा. संस्थेनं त्यापासून फर्निचर केलं, घरं उभारली, अन् जोडीला दिव्यांची आवरणंही.

आता खरी मेख ऐका. कच्चा बांबू कितीही सुबक विणला तरी त्याला भुंगेरा लागतो. आतलं पिष्ट हे त्याचं खाणं. चार-सहा महिन्यांत दिव्याखाली भुकटी पडायला लागली, तर शहरातलं गिऱ्हाईक पुन्हा दारात यायचं नाही! म्हणून तीन वर्षांपुढचाच बांबू तोडायचा, तोही पावसाळा टाळून. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवायचा अन् सावलीत वाळवायचा. हे काम दिसत नाही, पण सुपाचा भाव आणि दिव्याचा भाव यातलं बरंचसं अंतर इथंच पडतं. बाकीचं अंतर नमुन्याचं. बुरुडाला वीण शिकवावी लागत नाही. माप, सांधा आणि वायर कुठून न्यायची हे मात्र त्यानं आणि डिझाइनवाल्यानं एकत्र बसूनच ठरवावं लागतं.

एलईडीनंही हात दिला. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा, त्याच्याजवळ बांबूची पातळ पट्टी करपायची. एलईडी त्यामानानं गार राहतो, त्यामुळं वीण दिव्याच्या जवळ आणता येते.

मराठवाड्यात हे होईल का? भरीव मानवेल आपल्या कोरड्या हवेतही तग धरतो. २०१७ साली कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, तेव्हा शेतातल्या बांबूची तोड-वाहतूक सोपी झाली. राज्याची अटल बांबू समृद्धी योजना २०१९ ची. शेजारी लातूर जिल्ह्यातल्या लोदग्याचे पाशा पटेल तर गावोगाव बांबूच सांगत फिरतात.

पण सगळा जोर लागवडीवर. बुरुडाच्या गल्लीत प्रक्रियेची एक टाकी बसवा, असं कुणी म्हणताना दिसत नाही. आज लावलेला बांबू तोडीला यायला तीन-चार वर्षं जाणार. तोवर बुरुडाचं पोरगं कोयता-सुरी ठेवून पुण्याच्या गाडीत बसलं, तर विणायचं कुणी?