फवारणीनंतरची पोटदुखी

मावळात इंद्रायणी भाताच्या खाचरांशेजारी आता गुलाबाची पॉलिहाऊसेस उभी आहेत. इथली फुले फेब्रुवारीत परदेशी जातात. गुलाबावर लाल कोळी, मावा, फुलकिडे पडतात, म्हणून फवारणी आली. कीटकनाशकाला आपण बोलताना 'औषध' म्हणतो. या शब्दानेच निम्मी भीती घालवली आहे असे आम्हाला वाटते. फवारून आलेल्या माणसाला मळमळले, पोटात कळ आली, डोके जड झाले, की 'पित्त झालंय' म्हणून सोडून द्यायची आपली रीत. पण डोके आणि पोट एकदमच का बिघडावे?

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते. त्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात. हे जाळे मेंदूशी जोडणारा मुख्य दुवा म्हणजे प्राणेशा तंत्रिका. मेंदू पोटाला हुकूम सोडतो एवढेच आपण शिकवतो. प्रत्यक्षात या तंत्रिकेतले सुमारे ऐंशी टक्के तंतू उलट दिशेने, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे, संदेश नेतात.

या तंत्रिकेची टोके ॲसिटिलकोलीन सोडतात आणि आतडे आकुंचन पावते. काम झाले की एक एंझाइम ते रसायन लगेच तोडून टाकते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके नेमके हे एंझाइम बंद पाडतात. मग संदेश थांबतच नाही. आतड्याला पेटके येतात, उलट्या-जुलाब होतात, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मेंदूतही तेच घडते: चक्कर, गोंधळ, झटके. श्वासाचे स्नायू थकले की जीवच जातो. विष पोटात जायलाच हवे असेही नाही; भिजलेल्या शर्टातून, कातडीतूनही ते शिरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तिथे उंच वाढलेल्या कापसात फवारा अंगावर येत होता. पॉलिहाऊसमध्ये पडदे बंद असले तर तो बाहेर जाऊ शकत नाही.

हा झाला एका दिवसाचा घात. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे गेले तर? कंपवाताच्या कित्येक रोग्यांना हात थरथरण्याच्या अनेक वर्षे आधीपासून बद्धकोष्ठ असते. या रोगात मेंदूत साठणारे प्रथिन आतड्याच्या चेतापेशींतही सापडते. यावरून हा रोग काही जणांत पोटातून सुरू होऊन वर चढत असावा, असा तर्क जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ ब्राक यांनी २००३ साली मांडला. पुढे २०१० मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी उंदरांच्या जठरात रोटेनोन हे (ऑर्गॅनोफॉस्फेट नसलेले) कीटकनाशक अगदी अल्प मात्रेत रोज सोडले. रक्तात किंवा मेंदूत ते आढळले नाही, तरी ते प्रथिन आधी आतड्यात आणि नंतर मेंदूत साठलेले दिसले. ज्या बाजूची प्राणेशा तंत्रिका कापली होती, त्या बाजूचा बिघाड लांबला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि फवारणारा प्रत्येक जण कंपवाताने आजारी पडत नाही. तरी कीटकनाशकांशी सतत संबंध येणाऱ्यांत हा रोग अधिक आढळतो, हे माणसांच्या पाहण्यांतूनही दिसले आहे.

वर्गात हा विषय निघाला तर मुलांना डब्यांना हात लावायला सांगू नये. लेबलावरच्या चौकोनात खालच्या त्रिकोणाला रंग असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो फळ्यावर काढून दाखवावा. घरी कुणाला फवारणीनंतर असा त्रास झाला, तर अंगावरचे कपडे उतरवून, साबणाने अंग धुऊन दवाखाना गाठायचा आणि औषधाच्या लेबलाचा फोटो किंवा लिहून घेतलेले नाव सोबत न्यायचे. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत डॉक्टर ॲट्रोपिन देतात. ते ॲसिटिलकोलीनची जागा अडवते. (ॲट्रोपिन धोतऱ्यातही असते, पण म्हणून कुणी धोतरा द्यायला जाऊ नये, तोही विषच आहे.) दुसऱ्या गटाच्या कीटकनाशकावर उपाय वेगळा असतो, आणि गट कोणता ते लेबलावरच्या नावावरून कळते.