गालावरचा ओरखडा

नाण्याची प्रत ठरवायची असली की हे गृहस्थ आधी डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करतात. ट्यूबचा पसरट उजेड नाण्यावर फार मेहेरबान असतो, बारीकसारीक चरे त्यात विरून जातात. मग टेबलावरचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लागतो, खाली मऊ कापडाची घडी येते आणि नाणं फक्त कडेने, अंगठा आणि तर्जनीत धरून, त्या एकाच उजेडाखाली हळूहळू कलतं करत फिरवलं जातं. भिंग हाताशी असतं, पण त्याची पाळी नंतर. आधी नुसत्या डोळ्यांनी अख्खं नाणं बघायचं.

त्यांचं जुन्या नाण्यांचं दुकान फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात आहे. अमेरिकेची पहिली टाकसाळ १७९२ साली याच शहरात उभी राहिली आणि आजही इथे नाणी पडतात, तेव्हा या धंद्याला हे गाव शोभतं. दुकानदार सत्तरीच्या पुढचे. शनिवारी दुपारी मला काउंटरमागे बसू देतात. अट एकच, नाण्यावर वाकून बोलायचं नाही. बोलताना उडालेला थुंकीचा कण चांदीवर पडला तर काही वर्षांनी तिथे काळा ठिपका उमटतो आणि तो पुसायला गेलं की नाणंच बिघडतं.

त्यांचा जीव मॉर्गन डॉलरवर. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा एकदा १९२१ साली पाडलेलं हे नाणं ३८.१ मिलिमीटर रुंद, २६.७३ ग्रॅम वजनाचं, नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांब्याचं आहे. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या खोदकाराने त्याचा नमुना केला. दर्शनी बाजूवर स्वातंत्र्यदेवतेचं मुख आहे, त्यासाठी फिलाडेल्फियातल्या ॲना विलियम्स या शिक्षिकेचा चेहरा त्याने समोर ठेवला होता. मागे पंख पसरलेला गरुड, त्याला अर्धा वेढा घालणारी डहाळ्यांची माळ आणि माळेखाली टाकसाळीचं बारीक अक्षर: सॅन फ्रान्सिस्कोचं ‘एस’, न्यू ऑर्लिन्सचं ‘ओ’, नेवाडातल्या कार्सन सिटीचं ‘सीसी’. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षर नसतं.

हे नाणं लोकांना हवं होतं म्हणून पाडलं गेलं नाही. नेवाडाच्या खाणींतून चांदीचा लोंढा सुरू झाला होता, भाव पडत होते. चांदीवाल्यांच्या बाजूच्या खासदारांनी जोर लावला आणि १८७८ च्या कायद्याने सरकारवर दर महिन्याला वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडायची सक्ती झाली. एवढी जड नाणी खिशात वागवायला पूर्वेकडच्या शहरांत कुणी तयार नव्हतं. त्यामुळे टाकसाळीतून निघालेले डॉलर कापडी पोत्यांत भरले गेले आणि सरकारी तिजोऱ्यांत जाऊन पडले. एका पोत्यात हजार नाणी, म्हणजे पावणेसत्तावीस किलो. ही पोती ओढली गेली, आपटली गेली, मोजणीसाठी एका तळघरातून दुसऱ्यात हलवली गेली. आतली नाणी कुणाच्या हातात कधी गेलीच नाहीत, पण आपसांत घासली मात्र भरपूर.

म्हणूनच ‘न वापरलेलं’ नाणं म्हणजे निष्कलंक नाणं असं इथे कुणी धरून चालत नाही. या दुकानात नजर पहिल्यांदा जाते ती देवतेच्या गालावर. नाण्यावरची ती सगळ्यात मोठी, गुळगुळीत, उघडी जागा. केसांच्या बटांत किंवा गरुडाच्या पिसांत लपलेला घाव माफ होतो, तेवढाच घाव गालावर असला तर प्रत खाली येते. दोन्ही घाव पोत्यातच लागलेले, खोलीही सारखी. फक्त एक जागा माणसाच्या डोळ्याला खुपते. हा न्याय मला आधी चमत्कारिक वाटला, अजूनही थोडा वाटतो.

त्यानंतर तकाकी. हा या कामाचा गाभा आहे आणि तो पुस्तकातून कळत नाही. गोल चकती दोन साच्यांमध्ये दाबली जाते तेव्हा चांदी किनारीकडे सरकते, आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा मधून बाहेरच्या दिशेने पृष्ठभागावर राहतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. पण नाणं दिव्याखाली कलतं करून फिरवलं की त्यांच्यामुळे उजेडाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावरून फिरतात. ते अखंड फिरले तर नाणं चलनात गेलेलं नाही. गालाच्या उंचवट्याशी किंवा कानावरच्या केसांशी येऊन ते तुटले, तिथे करडी सावली दिसली, तर बोटांनी, गल्ल्याने, खिशाने तिथली चांदी खाल्ली आहे.

एकदा दुकानदारांनी माझ्यासमोर दोन डॉलर ठेवले. दोन्हींवर कानावरचे केस सपाट, बटा ओळखू न येणाऱ्या. एक चलनात झिजलेलं आणि दुसरं, १८९२ चं न्यू ऑर्लिन्सचं, अगदी कोरं. न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीत साच्यांचा दाब बऱ्याचदा कमी पडे, त्यामुळे केसांचं नक्षीकाम चांदीत पुरतं उतरतच नसे. त्यातही १८९२ चे डॉलर या बाबतीत बदनाम आहेत. नक्षी कधी उमटलीच नाही, की उमटली आणि मग झिजली? नुसतं चित्र बघून याचं उत्तर मिळत नाही. दिव्याखाली फिरवल्यावर एकाच्या सपाट केसांवरून उजेड न अडता गेला, दुसऱ्याच्या केसांवर विझला.

हे सगळं बघून झालं की आकडा सांगायचा. तो १ ते ७० च्या मापावर असतो. १ म्हणजे कसंबसं ओळखू येणारं, ७० म्हणजे भिंगातूनही दोष न सापडणारं. ६० पासून पुढचं सगळं ‘एमएस’, म्हणजे चलनात न गेलेलं. ७० च का, तर त्याची गोष्ट मजेदार आहे. विल्यम शेल्डन हा मानसशास्त्रज्ञ जुन्या तांब्याच्या सेंटांचा संग्राहक होता. १९४९ मध्ये त्याने पुस्तक लिहून हे माप मांडलं: सगळ्यात हीन नाण्याची किंमत एक धरली तर सर्वोत्तमाची सत्तरपट. बाजाराने ते गणित लवकरच मोडीत काढलं, पण आकडे चिकटून राहिले आणि १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ते सगळ्याच नाण्यांसाठी प्रमाण मानले. याच शेल्डनने माणसांच्या शरीरयष्टीचे तीन प्रकार पाडून त्यावरून स्वभाव सांगायचा उद्योगही केला होता. आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते, हेही पुढे उघडकीला आलं. ज्याच्या मापाने आज सगळी नाणी तोलली जातात त्याचा हा इतिहास दुकानदार फार चवीने सांगतात.

आकड्याला किती पैसे चिकटलेले असतात ते १८८४ च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलरवरून कळतं. ही नाणी बत्तीस लाख पाडली होती, दुर्मीळ मुळीच नाहीत. झिजलेलं नाणं शाळकरी मुलगाही पैसे साठवून घेऊ शकतो. पण बहुतेक सगळी चलनात गेली, पोत्यांत फारशी राहिली नाहीत. त्यामुळे ५८ आकड्याचं, म्हणजे जेमतेम घासलं गेलेलं नाणं आणि ६० च्या पुढचं नाणं यांच्या भावात प्रचंड दरी आहे, आणि खरोखर सुंदर, कोरं नाणं एक लाख डॉलरच्या पलीकडे जातं. उजेडाचा पट्टा गालावर तुटला की नाही, एवढ्यावर हे ठरतं.

मग दुर्मीळ कुठलं, हे कसं ठरवायचं? टाकसाळीचे हिशेब आहेत, पण त्यांवर विसंबता येत नाही. इथे या अमेरिकन गोष्टीत अचानक मुंबई येते.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ब्रिटनला धान्य, ताग, कातडी असा बेसुमार माल जात होता. त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत, पण हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याला आणि सैनिकाला चांदीचा रुपया मोजून द्यावा लागे. चांदी महागली, लोक रुपये घरात दडवू लागले. सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली. ती लोकांच्या गळी उतरेना. नोटा घेऊन चांदी मागायला रांगा लागल्या. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरला. एप्रिल १९१८ मध्ये नेवाडाच्याच सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा झाला आणि तिजोऱ्यांतली पोती फुटली. सत्तावीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांतल्या जवळजवळ सव्वीस कोटींची चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानच्या रुपयांसाठी. एका मॉर्गन डॉलरच्या शुद्ध चांदीत सव्वादोन रुपये बसतात. पंचम जॉर्जचे १९१८ ते १९२० सालचे रुपये मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत कोट्यवधींनी पडले. मुंबईच्या रुपयाच्या मागच्या बाजूला, तळाशी कमळाखाली, बारीक ठिपका असतो. आपल्याकडे देवघरात किंवा कपाटाच्या चोरकप्प्यात असे राजाछाप अजून सापडतात. त्यांतल्या कित्येकांत फिलाडेल्फियाच्या त्या बाईंच्या चेहऱ्याची चांदी असणार.

वितळवताना कोणत्या सालचे, कोणत्या टाकसाळीचे डॉलर भट्टीत गेले याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे संग्राहकांना दशकानुदशकं अंदाजच बांधावे लागले, आणि तेही फसले. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर मॉर्गनांतला सगळ्यात दुर्मीळ समजला जाई. सूचीत कोऱ्या नाण्याचा भाव दीड हजार डॉलरच्या आसपास होता. १९६२ च्या हिवाळ्यात सरकारी तिजोरीतून त्याची पोतीच्या पोती बाहेर आली. थोड्याच काळात भाव शंभराच्या खाली उतरला. उलट सॅन फ्रान्सिस्कोचा १८९३ चा डॉलर पहिल्यापासून फक्त एक लाख पाडलेला, आणि त्याचं एकही घबाड कधी निघालं नाही. पार झिजलेला असला तरी आज तो हजारो डॉलरला जातो.

साहजिकच त्याची बनावट सगळ्यात जास्त. फिलाडेल्फियाच्या १८९३ च्या नाण्यावर मागून ‘एस’ चिकटवतात, किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९८ मधल्या शेवटच्या आठाचा तीन करतात. म्हणून असं नाणं आलं की दुकानदार सालाकडे किंवा अक्षराकडे पाहतच नाहीत. भिंग घेऊन देवतेच्या मुकुटपट्टीवरच्या ‘लिबर्टी’ या शब्दातलं टी अक्षर शोधतात. अस्सल नाण्यांच्या दर्शनी बाजूचा साचा एकच होता आणि त्या साच्यावर टीच्या माथ्यात एक तिरकी बारीक रेघ होती. रेघ नसेल तर पुढे बोलायचं कारण उरत नाही. वजनकाटा वगैरे नंतर.

बनावटीपेक्षा त्यांना जास्त हळहळ वाटते ती घासलेल्या नाण्यांची. एका दुपारी एक बाई वडिलांचा संग्रह घेऊन आल्या. दाखवायला नेताना बरं दिसावं म्हणून आदल्या रात्री सगळे डॉलर पॉलिश लावून पुसलेले. काउंटरवर लखलखाट झाला. दुकानदारांनी एकेक दिव्याखाली फिरवलं. उजेडाचा पट्टा कुठेच फिरेना. पुसल्याच्या असंख्य समांतर रेषा मात्र सगळीकडून चमकल्या. ती नाणी आता प्रतवारीच्या कंपनीकडे पाठवली तरी आकडा मिळणार नाही, ‘स्वच्छ केलेलं’ एवढाच शेरा मिळेल. त्यांनी चांदीच्या भावाहून थोडं वर सांगितलं. बाई गेल्यावर बराच वेळ ते दुसरं नाणं हातात घेईनात.

काळवंडणं मात्र नेहमी वाईट नसतं. पोत्याच्या कापडातल्या, कागदातल्या गंधकाने चांदीवर पापुद्रा धरतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे सोनेरी, किरमिजी, निळा, हिरवा असे रंग उमटतात. अशा नाण्याला हौशी लोक दुप्पट-चौपट देतात. मग रंग चढवणारेही निपजतात. नाणं बटाट्यात खुपसून भट्टीत भाजण्यापर्यंत त्यांची मजल गेलेली आहे. या रंगांच्या वेडाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. खरा रंग आणि चढवलेला रंग यांवर जाणत्यांतही भांडणं होतात, आणि जिथे जाणते भांडतात तिथे नवख्याने पैसे घालू नयेत.

अशी भांडणं मिटावीत म्हणूनच १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. मालक कोण हे न कळता एकाहून अधिक तपासनीस स्वतंत्रपणे नाणं बघतात, आकडा ठरतो आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद होतं. एका नाण्याला बऱ्याचदा काही सेकंदच मिळतात. यामुळे फसवणूक खूप कमी झाली, हे मान्यच करायला हवं. पण आकडा शेवटी मतच असतो. तेच नाणं डबी फोडून पुन्हा पाठवलं तर कधी ६४ चं ६५ होऊन येतं, कधी ६३ होऊन. डबी फोडून परत परत पाठवणं हाच काहींचा धंदा आहे. लोक आता लेबल वाचून नाणं घेतात, नाणं बघून घेत नाहीत. एका पिढीची नजर त्यात मेली, हे दुकानदारांचं म्हणणं मला पटतं.

अमेरिकेत कुणाला हा नाद लागलाच तर दुर्मीळ नाण्याच्या मागे आधी लागू नये. सॅन फ्रान्सिस्कोचा १८८१ चा डॉलर घ्यावा. तो सव्वा कोटीहून जास्त पाडलेला आहे, ठसा रेखीव असतो, कोरा सहज मिळतो. पिवळ्या बल्बाखाली तो रोज थोडा वेळ फिरवावा, म्हणजे तकाकी ओळखू येईल. आणि आपल्याकडे ज्यांच्या घरात आजीचे राजाछाप, राणीछाप रुपये असतील त्यांनी ते लक्ष्मीपूजनाला जरूर मांडावेत, फक्त त्याआधी त्यांना पितांबरी, चिंच किंवा राख लावू नये. गंध-फूलही नाण्यावर न वाहता शेजारी वाहावं.