नायकाचं माप

काशीमीऱ्याला महामार्गालगतच्या एका रद्दीच्या दुकानात गेल्या मे महिन्यात मला ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा एक जुना हिंदी अंक सापडला. पिना गंजलेल्या, गंजाचा तांबूस डाग चार-पाच पानं आत उतरलेला. छपाईत रंग रेषेबाहेर सरकला होता, त्यामुळे अंकाच्या नायकाच्या, बहादूरच्या भगव्या कुर्त्याला दोन-दोन कडा आल्या होत्या. शेवटची दोन पानं फाटून गेलेली. वीस रुपये देऊन मी तो घरी आणला आणि सुट्टीत राहायला आलेल्या अकरा वर्षांच्या भाच्यापुढे ठेवला.

त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, “मामा, याचा पिक्चर आहे का?” आणि लगेच दुसरा, “याच्याकडे पॉवर काय आहे?”

पहिल्या प्रश्नावर जगभर वाद चालतो. चित्रकथेवरून चित्रपट काढताना तो मुळाबरहुकूम असावा की दिग्दर्शकाने आपल्या मनासारखा करावा? माझ्या मते या वादाचं उत्तर भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. बहादूरकडे पॉवर नाही, आणि तीच त्याची ओळख.

बहादूर निर्माण झाला 1976 साली. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. डाकू भैरवसिंगचा हा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घ्यायचा म्हणून वाढलेला, आणि शेवटी त्याच अधिकाऱ्याच्या छायेत माणूस झालेला. अंगात कुर्ता, खाली जीन्स. डाकूंशी लढायला त्याने काय केलं? गावकऱ्यांना एकत्र करून नागरिक सुरक्षा दल उभं केलं. जोडीदार बेला त्याच्याइतकीच हातापायाने तयार. ज्या अंकांत वेताळ आणि मँड्रेकसारखे परदेशी नायक येत, त्याच अंकांत चंबळच्या धुळीतला हा माणूस आला आणि टिकला. 1990मध्ये ‘इंद्रजाल’ बंद पडेपर्यंत तो त्यात होता.

हे सगळं मी काशीमीऱ्यात बसून लिहितो आहे याला कारण आहे. बहादूरला जन्म देणारे आबिद सुरती आमच्याच मीरा-भाईंदरचे, मीरा रोडला स्थायिक झालेले. जन्म 1935चा, गुजरातेतला, वाढले मुंबईत. त्यांनी सांगितलेली एक आठवण मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बंदरावरून सैनिकांना घेऊन गाड्या निघत आणि रुळांच्या कडेने पोरं धावत. सैनिक काहीबाही फेकत. एकदा एकाने कॉमिकचं पुस्तक फेकलं, पोरांची झुंबड उडाली आणि छोट्या आबिदच्या हाती एक पान लागलं. त्या पानावरची चित्रं गिरवत तो चित्र काढायला शिकला. म्हणजे ज्याने पुढे ‘धर्मयुग’मध्ये वर्षानुवर्षं ‘ढब्बूजी’ चालवला आणि बहादूर उभा केला, त्याच्याकडे सुरुवातीला अख्खं मूळ पुस्तक कधी नव्हतंच. होतं एक फाटकं पान. त्याने त्याची नक्कल केली, आणि नक्कल करता करता स्वतःचं काहीतरी केलं.

म्हणून ‘मूळ’ या शब्दाला मी जपून हात लावतो. ली फॉक यांचा वेताळ घ्या. 1936 साली पट्टी सुरू झाली तेव्हा फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. रविवारचं रंगीत पान आलं आणि छापखान्यात तो जांभळा झाला. पुढे देशोदेशी वेगळाच रंग: कुठे निळा, कुठे लाल. आपल्याकडे ‘इंद्रजाल’ने 1964च्या मार्चमध्ये त्यालाच घेऊन पहिला अंक काढला. त्यात त्याचा ‘बंगाला’ देश ‘डेंकाली’ झाला आणि ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले, इथल्या वाचकाला ती नावं खटकू नयेत म्हणून. कथा अंकाच्या पानांत बसवण्यासाठी कापल्याही जात. आमच्या पिढीने ज्या वेताळावर जीव टाकला तो असा कापलेला, नाव बदललेला वेताळ होता. तरी तो वेताळच होता, कारण त्याचं गुपित शाबूत होतं. लोक त्याला अमर समजतात. खरं तर बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. चारशे वर्षांचं वजन एका साध्या माणसाच्या खांद्यावर, ही त्या गोष्टीची जान.

1996मध्ये हॉलिवूडने ‘द फँटम’ काढला. दिग्दर्शक सायमन विन्सर, वेताळ झाला बिली झेन. पोशाख अगदी जांभळा, कवटीची गुहा, घोडा, लांडगा, अंगठी, सगळं जिथल्या तिथे. मुळाबरहुकूम म्हणावं तर याहून किती करायचं? पण कथेला जोर यावा म्हणून तीन जादूच्या कवट्या आणल्या. त्या एकत्र आल्या की जग मुठीत येईल अशा. जादू आली आणि वेताळाचं काम गेलं. ज्याच्याकडे जादू नाही, फक्त लोकांचा विश्वास आहे, त्याला किरण फेकणाऱ्या कवट्यांसमोर उभं केलं की तो पोशाखातला कुणीही होतो. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर कापड तेच, रंग तोच, माप चुकलं.

मला ‘माप’ हाच शब्द नेमका वाटतो. नायक किती मोठा, त्याच्यापुढचं संकट किती मोठं, त्याच्या हाताला किती लांबपर्यंत पोचता येतं, यांचं एक माप असतं. पोशाख, वय, गाव, काळ, शेवट, सगळं बदललं तरी चालेल. ते माप मोडलं की वाचकाला काहीतरी हरवल्यासारखं होतं, आणि काय हरवलं ते त्याला सांगता येत नाही म्हणून तो पोशाखाबद्दल भांडतो.

मराठीत याची सगळ्यात चांगली परीक्षा ‘चिंटू’ने दिली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी 21 नोव्हेंबर 1991पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागली. दोन-तीन चौकटी, एक विनोद, संपलं. चिंटू मोठा होत नाही. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, नेहा, कुणीच मोठं होत नाही. सकाळी चहाबरोबर अर्ध्या मिनिटात वाचायची ही गोष्ट दोन तासांची कशी करायची? श्रीरंग गोडबोले यांनी 2012मध्ये ‘चिंटू’ केला तेव्हा मी धास्तीनेच थिएटरात गेलो. शुभंकर अत्रेच्या चेहऱ्यात चिंटू दिसला, हे झालंच. पण मला जास्त भावलं ते गोष्टीचं कुंपण. सुट्टी, कॉलनी आणि खेळायचं मैदान हातचं जाण्याची भीती. मुलाच्या जगात याहून मोठं संकट नसतं. पट्टीत अशी गोष्ट आल्याचं मला आठवत नाही, म्हणजे काटेकोर अर्थाने ती मुळात नाही. तरी ती चिंटूच्या उंचीची आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘चिंटू 2’मध्ये खजिना आला. मुलांनी तो आनंदाने पाहिला असेल, मला त्याचा राग नाही. पण खजिन्याच्या शोधात कुठलीही पाच-सहा मुलं चालली असती. त्यांनी चिंटूच असायला हवं होतं असं नाही.

फास्टर फेणे चित्रकथेतला नाही, भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला. तरी त्याला वगळून मराठीत हा विषय बोलता येत नाही, कारण ज्या जागी इतरांकडे सुपरहीरो होते त्या जागी आपल्याकडे फुरसुंगीचा हा बनेश फेणे होता. किडकिडीत अंग, चौकड्यांचा शर्ट, सायकल आणि ‘ट्टॉक’. तो पुण्याच्या विद्याभवनात शिकायचा आणि प्रतापगडापासून चीनच्या सरहद्दीपर्यंत कुठेही पोचायचा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो केला तेव्हा आम्हाला तो पुस्तकातून उठून आल्यासारखा वाटला. 2017मध्ये आदित्य सरपोतदार यांनी चित्रपट केला आणि अमेय वाघचा फेणे शाळकरी राहिला नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला, हातात मोबाइल आला. आमच्या वयाचे कितीतरी वाचक हळहळले. मी नाही हळहळलो. आजच्या घरांतली खरी भीती प्रवेशपरीक्षेचीच आहे, आणि त्या परीक्षेतला घोटाळा खणून काढणारा फेणे भागवतांनाही परका वाटला नसता. दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवतांनाच पडद्यावर आणून त्यांच्या घरी फेणेला राहायला पाठवलं, ही तर मला कृतज्ञतेची सुंदर रीत वाटली. मुळाला नमस्कार करायचा तर असा करावा.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. गिरीश कुलकर्णींचा खलनायक इतका जबरदस्त आहे की त्याच्यासमोर उभं राहण्यासाठी फेणेलाही हळूहळू फुगावं लागतं. पार्श्वसंगीत त्याला खांद्यावर घेतं, चाल बदलते, नजर बदलते. पुस्तकातला फेणे घाबरायचा. घाबरलेला असतानाच त्याचं डोकं चालायचं. चित्रपटात जिथे जिथे तो घाबरतो तिथे तो मला पुन्हा भेटतो, आणि उत्तरार्धात तसे क्षण कमी होत जातात. फुरसुंगी आता बदलली, पुण्याच्या कचऱ्याच्या डेपोमुळे आणि आयटीच्या इमारतींमुळे लोक तिला ओळखतात. पण तिथून आजही एखादा घाबरट, चपळ पोरगा निघू शकतो, असं मला वाटत राहावं, एवढंच मी त्या चित्रपटाकडे मागत होतो.

व्यंगचित्रावरून केलेल्या कामांत मला सगळ्यात मोठं धाडस ‘वागले की दुनिया’चं वाटतं. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस 1951पासून एक शब्द बोलला नव्हता. चौकड्यांचा कोट घालून नुसता पाहायचा. 1988मध्ये लक्ष्मण यांच्याच कथांवर कुंदन शहा यांनी दूरदर्शनची मालिका केली, आणि अंजन श्रीवास्तवांचा वागले घडाघडा बोलू लागला. मूकपणा हेच ज्याचं लक्षण, त्याच्या दुनियेत इतकी बडबड! तरी कुणाला ते परकं वाटलं नाही, कारण वागलेची संकटंही तशीच, एका पगाराच्या आतली. 2021मध्ये ही मालिका नव्या पिढीला घेऊन परतली तेव्हा वागलेंचा मुलगा झाला तो सुमीत राघवन, आमचा दूरदर्शनवरचा फेणे. वयाने वाढला, तरी उंची तीच ठेवून.

आणि आपल्या मुंबईचा म्हणून एक स्पायडरमॅनही आहे. 2004मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ केलं. त्यातला पवित्र प्रभाकर गावाहून मुंबईच्या शाळेत आलेला गरीब मुलगा, धोतरामुळे वर्गात चिडवला जाणारा. 2023च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये हाच पवित्र आला. तो चित्रपट मराठीतही लागला होता. भाच्याबरोबर मी तो पाहिला आणि मुंबई-मॅनहॅटनचं मिश्रण असलेलं ते उभं, गजबजलेलं शहर पाहून हरखलो. पवित्र मात्र तिथे निश्चिंत, केसांवर खूश, सगळं सहज जमणारा. गोड मुलगा आहे. पण माझ्या खिडकीतून मेट्रोच्या खांबांच्या पलीकडे रोज सकाळी शाळेत जाणारी मुलं दिसतात. त्यांतली कितीतरी गावाहून आलेली, बोलीमुळे आणि कपड्यांमुळे बुजलेली. कॉमिकमधला पवित्र त्यांचा होता. तो बुजरेपणा चित्रपटाने काढून टाकला, आणि त्याबरोबर त्या मुलांची जागाही गेली. इथे मी मुळाच्या बाजूने उभा आहे, धोतरासाठी नव्हे.

आता उद्या कुणी बहादूरवर चित्रपट काढला तर काय करावं? मी त्याला पटकथा लिहिण्याआधी मीरा रोडला यायला सांगेन. 2007 साली सुरतींनी ‘ड्रॉप डेड’ नावाची मोहीम सुरू केली. थेंब थेंब गळणाऱ्या नळातून महिन्याला हजारभर लिटर पाणी जातं हे त्यांच्या वाचनात आलं होतं, आणि पाण्यासाठी पहाटे रांगेत उभी राहणारी आई त्यांनी लहानपणी पाहिली होती. साहित्याच्या पुरस्काराचे एक लाख रुपये हाताशी होते. दर रविवारी एक प्लंबर आणि एक मदतनीस बाई घेऊन ते इमारतीत शिरत, दार वाजवत आणि गळका नळ फुकट दुरुस्त करून देत. पहिल्याच वर्षी मीरा रोडच्या 1,666 घरांत जाऊन 414 गळके नळ दुरुस्त झाले आणि अंदाजे 4 लाख 14 हजार लिटर पाणी वाचलं. नळाचा वायसर अगदी किरकोळ किमतीचा असतो. तो सुकतो, चिरतो, आणि कितीही आवळलं तरी थेंब थांबत नाही. एवढ्या बारीक कामाला प्लंबर यायला तयार नसतो म्हणून घरोघर बादली लावलेली असते. सुरतींनी ही अडचण ओळखली.

बहादूरने गावकऱ्यांना हाताशी धरलं आणि त्याच्या लेखकाने शेजाऱ्यांची दारं वाजवली. मला यात एकच माणूस दिसतो. चित्रपटात बहादूरने ड्रोन उडवावा, मोटारसायकल बदलावी, चंबळऐवजी वाळूमाफियाशी लढावं, बेलाला दलाची प्रमुख करावं. यातल्या कशालाही माझी हरकत नाही. शेवटच्या मारामारीत त्याने एकट्याने वीस जणांना लोळवू नये, इतकंच. तिथे गाव यायला हवं.

भाच्याने तो अंक दुपारभर वाचला. शेवटची दोन पानं नाहीत हे कळल्यावर चिडला, माझ्याकडे आला, मग परत जाऊन वहीच्या कागदावर चौकटी आखून स्वतःच शेवट काढू लागला. संध्याकाळी मी पाहिलं. पहिल्या चौकटीत बहादूर एकटा, डाकूंनी घेरलेला. दुसरीत तो ओरडतोय. तिसऱ्या चौकटीत भाच्याला जागा पुरली नव्हती म्हणून त्याने कागद आडवा करून खूप सारी माणसं काढली होती: काठ्या घेतलेली, एक बाई कळशीसह, एक म्हातारा. बहादूर त्यांत कुठे आहे ते मला शोधावं लागलं.