शिक्षकांचा वंश, पिढी आणि विद्यार्थ्यांची हजेरी

अमेरिकेत शालेय वर्षाचे दहा टक्के किंवा अधिक दिवस, म्हणजे साधारण 18 दिवस, गैरहजर राहणाऱ्या मुलाला दीर्घकालीन गैरहजर मानतात. नॉर्थ कॅरोलायनातील प्राथमिक शाळांच्या अभ्यासात, वर्गशिक्षक विद्यार्थ्याहून वेगळ्या वंशाचा असल्यास अशा गैरहजेरीची शक्यता किंचित वाढलेली आढळली. आपलेपणा, अनुकरणीय आदर्श आणि पालकांशी सुकर संवाद यांचा अभाव ही त्यामागची संभाव्य कारणे मानली जातात. हे महत्त्वाचे, कारण अमेरिकेतील सरकारी शाळांत सुमारे 80 टक्के शिक्षक गोरे आहेत, गोरे विद्यार्थी मात्र निम्म्याहून कमी. शिक्षकांच्या पिढीचा हजेरीवरील परिणाम वेगळा काढणे अवघड, कारण वयाबरोबर अनुभवही वाढतो. नॉर्थ कॅरोलायनातीलच मिडल स्कूल स्तरावरील अभ्यासात अनुभवी शिक्षकांच्या वर्गात गैरहजेरी घटलेली दिसली. मात्र आजारपण, दारिद्र्य आणि वाहतुकीच्या अडचणीही हजेरीवर परिणाम करतात.